रानातले कॅथोलिक कुटुंबशिबिर: सात महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या धर्मग्रामातर्फे (पॅरिशतर्फे) युवक आणि कुटुंबांसाठी चालणाऱ्या निसर्गशिबिरात दिवाळीनंतर मी पत्नी, दोन मुले आणि आई यांची नावे नोंदवली, तेव्हा आईने विचारले, ‘‘रानात झोपायला कशाला पैसे मोजायलास?’’ तिचा प्रश्न गैर नव्हता. मराठवाड्यातल्या घोगरगावला १८९२ मध्ये मिशनकार्य सुरू झाले, तेव्हापासून इकडचा कॅथोलिक समाज बहुतांशी शेतीवरच जगत आला आहे. ज्याची निम्मी हयात बांधावर गेली, त्याला उघड्या आभाळाचे अप्रूप ते काय वाटणार? आज मी तिला एवढेच सांगू शकतो की रानात आपण आजवर कामासाठीच गेलो. हातात विळा नसताना, मोटारीला वीज कधी येईल याची वाट पाहायची नसताना तिथे नुसते बसणे आपल्याला ठाऊक नव्हते.

पहिले तीन दिवसांचे शिबिर म्हैसमाळच्या डोंगरावर झाले. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करून घेतले गेले, मुलींचे तंबू सिस्टरांच्या देखरेखीखाली वेगळे होते, आणि या बाबतीत मला कसलीही ढिलाई दिसली नाही. दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येकाने एकटे बसून तासभर मौन पाळायचे होते. त्या तासात काय केलेस असे विचारल्यावर आमच्या पंधरा वर्षांच्या मुलाने सांगितले की, दूरच्या मनोऱ्यावरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजले. प्रार्थना केली, असे तो खोटे म्हणाला नाही, याचेच मला समाधान वाटले.

मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, दगडांवर टेकवलेल्या फळीवर पांढरे कापड अंथरून झाली, आणि वाऱ्याने मेणबत्ती विझू लागल्यावर ती कंदिलाच्या काचेत ठेवावी लागली. पोप दुसरे जॉन पॉल तरुण धर्मगुरू असताना पोलंडमध्ये युवकांना घेऊन नद्यांवर आणि डोंगरांत जात, उलटी ठेवलेली होडी वेदी म्हणून वापरत, आणि साम्यवादी राजवटीत धर्मगुरूने असे गट नेणे धोक्याचे असल्याने मुले त्यांना ‘काका’ म्हणत, हे फादरांनी प्रवचनात सांगितले. तेव्हापासून धाकटी फादरांना काकाच म्हणते.

उणिवा मात्र साध्या नव्हत्या. पाण्याचा एकच टँकर मागवला होता आणि तो दुसऱ्या दुपारीच संपला. मराठवाड्यातल्या माणसांनी पाण्याचा हिशेब चुकवावा, याचा मला राग आला. स्वयंपाक आयांवर पडला, त्यामुळे कुटुंबशिबिर म्हणवणाऱ्या शिबिरात माझ्या पत्नीला दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनाचा फक्त शेवट ऐकायला मिळाला. आम्ही तक्रार केल्यानंतर फेब्रुवारीपासून तंबूवार पाळ्या लागल्या आणि पुरुषांनी थापलेल्या वेड्यावाकड्या भाकरी सर्वांनी मुकाट्याने खाल्ल्या. शिवाय नोव्हेंबर हा कापूस वेचणीचा महिना असल्याने ज्यांच्यासाठी हा उपक्रम आहे, त्या शेतकरी कुटुंबांपैकी बरीच आलीच नाहीत.

सर्वांत जमून आली ती ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग आठवत चौदा स्थानांवर थांबून केलेली प्रार्थना. ऊन चढण्याआधी चौदाही स्थाने पूर्ण व्हावीत म्हणून आम्ही पहाटे निघालो. नवव्या स्थानाशी, जिथे येशू तिसऱ्यांदा पडतो, आईने दगडावर बैठक मारली आणि ‘‘आता मी बी इथंच,’’ असे जाहीर केले. तिला मागे ठेवून पुढे जाण्याऐवजी सगळा गट तिच्याभोवती थांबला आणि उरलेली पाच स्थाने तिथेच म्हटली गेली.

दर महिन्याच्या एका रविवारी ठरलेल्या भेटींपैकी दोन रद्द झाल्या, आणि त्या चुकल्या की शिबिराचा परिणाम लवकर ओसरतो, हे घरी दिसले: जेवताना मोबाइल टोपलीत ठेवण्याची शिस्त ईस्टरनंतर महिनाभरही टिकली नाही. ज्यांना केवळ सहल हवी आहे, त्यांना प्रार्थनेचा वेळ जड जाईल. ज्यांच्या घरात वयात आलेली मुले आहेत, त्यांनी एकदा जरूर जावे. पुढील शिबिर वेचणी आटोपल्यावर, जानेवारीच्या उत्तरार्धात घ्यावे आणि टँकरच्या दोन फेऱ्या आधीच ठरवाव्यात, असे आम्ही फादरांना लेखी कळवले आहे.