नववा लाइनमन : रोस्टर-कटचे अंदाज विकणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) बत्तीसही संघांना आपली ९० जणांची यादी ५३ वर आणावी लागते. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने होत असे; २०२३ पासून मधले टप्पे गेले आणि सगळा हिशेब एकाच मंगळवारी, पूर्व अमेरिकेच्या वेळेप्रमाणे दुपारी चारच्या आत, मिटवावा लागतो. ज्या संघाची ऑफेन्सिव्ह लाइन (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी पाच जणांची पुढची फळी, म्हणजेच ओ-लाइन : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल) शिबिरातच दुखापतींनी विरळ झाली आहे, त्याच्यासाठी मोसमाआधीच्या भरतीची ही शेवटची मोठी संधी असते. ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंची निवड, एप्रिलमध्येच उरकलेला असतो, मार्चच्या फ्री एजन्सीतले (करार संपून मोकळे झालेले) चांगले टॅकल केव्हाच गेलेले असतात आणि उरतात ते इतर संघांना नकोसे झालेले, किंवा हवे असूनही ठेवायला जागा न उरलेले खेळाडू. असे खेळाडू कोण असतील याचा आगाऊ अंदाज देणाऱ्या काही सशुल्क सेवा आता निघाल्या आहेत. त्यांपैकी एकीचे हे परीक्षण आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी आहेत त्या मला एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या सेवेच्या रचनेविषयीच्या अधिक वाटतात.

सेवेची मांडणी सोपी आहे. प्रत्येक संघाला एक पान दिलेले असून त्यावर डेप्थ चार्ट (प्रत्येक जागेवरच्या खेळाडूंचा क्रम) असतो आणि प्रत्येक खेळाडूपुढे तो ५३ मध्ये टिकण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते. नावावर गेले की प्रीसीझनमधले (मोसमाआधीच्या सामन्यांतले) स्नॅप, म्हणजे तो खेळलेले डाव, ब्लॉकिंगचे गुण, कराराचा तपशील आणि दोन ओळींचा शेरा उघडतो. मी या सगळ्याकडे केवळ ओ-लाइनच्या गरजेतून पाहिले आहे. रिसीव्हर किंवा कॉर्नरबॅक शोधणाऱ्याचे मत कदाचित बरेच अनुकूल असेल.

कराराचा भाग या सेवेत सर्वांत चांगला आहे, आणि केवळ त्यासाठीही ती घेण्यासारखी आहे असे मी म्हणेन. वेव्हरवरून, म्हणजे दुसऱ्याने सोडलेल्यावर दावा लावून, खेळाडू उचलणारा संघ त्याचा चालू करार जसाच्या तसा आपल्या अंगावर घेतो; करार करताना दिलेल्या साइनिंग बोनसचा उरलेला भार मात्र जुन्या संघाच्याच सॅलरी कॅपवर (वेतनखर्चाच्या मर्यादेत) राहतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या फेरीत निवडलेला एखादा गार्ड जुन्या संघाला सोडताना महाग पडतो, पण घेणाऱ्याला तो जवळजवळ किमान वेतनाच्या भावात मिळतो. ही सेवा हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवते. सोडणाऱ्याची बचत किती आणि घेणाऱ्याचा खर्च किती, हे एका नजरेत कळले की अफवांमधली निम्मी नावे आपोआप गळून पडतात. ज्याला सोडून संघाचा एक डॉलरही वाचत नाही आणि ज्याच्या जागी दुसरा तयार माणूसही नाही, त्याला कोणी सहसा सोडत नाही.

शक्यतेच्या टक्क्यांबाबत मात्र सावध राहावे लागते. बहुतेक संघ ५३ मध्ये आठ ते दहा लाइनमन ठेवतात. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२० च्या सामूहिक करारानंतर सामन्याच्या दिवशी ४८ खेळाडू उतरवायचे असतील तर त्यांत किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन असावे लागतात, त्यामुळे पहिल्या आठांची जागा बहुतेक ठिकाणी पक्की असते. खरा बाजार भरतो तो नवव्या आणि दहाव्या लाइनमनचा. तो राहणार की जाणार, हे पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या खेळावर ठरतच नाही. चौथा टाइट एंड ठेवायचा का, स्पेशल टीम्ससाठी (किकच्या डावांसाठी) सहावा लाइनबॅकर हवा का, दुखापतग्रस्त सेंटर पहिल्या आठवड्यापर्यंत बरा होईल का, असल्या प्रश्नांवर ठरते. ही सेवा प्रत्येक जागेचा हिशेब स्वतंत्रपणे मांडते, त्यामुळे एका प्रकारचा खेळाडू वाढवला की दुसऱ्या प्रकारची एक जागा कमी होते हे तिच्या टक्क्यांत उतरत नाही. मी स्वतः टक्के बाजूला ठेवून प्रत्येक संघाच्या पानावर फक्त नववे, दहावे आणि अकरावे नाव पाहतो आणि तेवढ्यांचाच करार उघडतो. ज्या संघाकडे दहावा माणूसही दुसऱ्या एखाद्या संघाच्या सातव्यापेक्षा बरा आहे, अशा संघाचे पान सर्वांत आधी वाचावे. फिलाडेल्फिया ईगल्सनी लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक वर्षे अशी खोली जपली, आणि म्हणूनच २०२२ च्या छाटणीनंतर ईगल्सनी सोडलेल्या जॅक अँडरसनला त्याच विभागातल्या न्यूयॉर्क जायंट्सनी लगेच वेव्हरवरून उचलले.

ब्लॉकिंगच्या गुणांविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण ग्राहक तेच पाहून वर्गणी भरतो. २०२१ पासून प्रीसीझनचे सामने तीनच उरले आहेत. शिबिरात दिवसातून दोनदा सराव घेणे २०११ च्या करारानेच बंद झाले आणि पॅड घालून होणारे सरावही मर्यादित झाले. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या लाइनमनला जोखायला बाहेरच्या माणसाकडे थोडेसेच स्नॅप उरतात, आणि तेही बहुतेक दुसऱ्या अर्धात, समोरच्या संघाच्या तितक्याच कच्च्या खेळाडूंविरुद्ध. एवढ्या तुटपुंज्या साहित्यावर दशांश चिन्हापर्यंत गुण देणे हे मला थोडे धाडसाचे वाटते.

एक उदाहरण देतो. उजव्या टॅकलच्या जागी खेळणाऱ्या एका तरुण खेळाडूला या सेवेने पास-ब्लॉकिंगचे उत्तम गुण दिले होते आणि शेऱ्यात त्याला ‘स्विंग टॅकलची गरज असलेल्यांसाठी योग्य’ म्हटले होते (स्विंग टॅकल म्हणजे डावे-उजवे दोन्ही टोक सांभाळणारा राखीव). त्याचे स्नॅप एकामागून एक पाहिले तर त्यांतले बहुसंख्य झटपट फेकीचे निघतात : क्वार्टरबॅक तीन पावले मागे येतो, चेंडू दोन-अडीच सेकंदांत हातातून जातो आणि टॅकलला समोरच्याला नुसते एकदा अडवून धरायचे असते. जिथे खोल फेकीसाठी वेळ लागला, तिथे तो बाहेरच्या वेगाच्या धास्तीने किक-स्लाइडचे (मागे सरकत अडवण्याच्या पावलांतले) दुसरे पाऊल गरजेपेक्षा लांब टाकतो, वजन बाहेरच्या पायावर जाते, आणि एज रशर (टोकाकडून धावून येणारा बचावपटू) आत वळला की त्याला आतल्या खांद्याने परत येताच येत नाही. हात छातीवर पडण्याऐवजी खांद्यांच्या बाहेरून जातात आणि पंचाने पाहिले तर होल्डिंगचा (धरून ठेवल्याचा) दंड, नाही पाहिले तर क्वार्टरबॅकवर आघात. असे स्नॅप मोजके होते म्हणून त्यांचा गुणांवर परिणाम झाला नाही. पण ज्या संघाला मोसमाच्या मध्यावर जखमी टॅकलच्या जागी माणूस हवा आहे, त्याला नेमके तेच मोजके स्नॅप पाहायचे असतात. शिवाय तो डाव्या बाजूला एकदाही उभा राहिलेला नव्हता. स्विंग टॅकल हा शेरा कोणत्या आधारावर दिला, हे पानावर कुठेच सापडत नाही.

या दोषाचे मूळ असे की लाइनमनचे मोल तो कोणत्या पद्धतीत खेळतो यावर फार अवलंबून असते. आडव्या पावलांनी सरकत जाणाऱ्या झोन ब्लॉकिंगमध्ये शोभणारा हलका, चपळ सेंटर समोरच्याला सरळ मागे रेटायच्या गॅप योजनेत उताणा पडू शकतो. जागा बदलल्यानेही माणूस बदलतो. न्यूयॉर्क जेट्समध्ये टॅकल म्हणून दुखापतींत वाया गेलेला मेखाय बेक्टन २०२४ मध्ये फिलाडेल्फियात उजवा गार्ड झाला आणि त्याच मोसमात सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकणाऱ्या फळीत खेळला. तो छाटणीतून आलेला नव्हता, हे खरे. पण कोणत्या संघात कोणाचे सोने होईल हे एका सरसकट आकड्यातून कळत नाही, हे त्यातून दिसते. या सेवेत योजनेप्रमाणे चाळणी लावण्याची सोयच नाही. ती असती तर मी दुप्पट वर्गणीही आनंदाने भरली असती.

अनपेक्षित नावे हाती लागत नाहीत याबद्दल मात्र मी सेवेला फारसा दोष देणार नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये ग्रीन बेने अंतिम छाटणीत जॉश सिटनला सोडले, तेव्हा तो प्रो बोलमध्ये (लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवडला गेलेला, वर्षानुवर्षे सुरुवातीपासून खेळणारा गार्ड होता. दुसऱ्याच दिवशी तो शिकागोशी करारबद्ध झाला. असा निर्णय आतल्या लोकांनाच माहीत असतो, आणि बाहेरून त्याचा सुगावा लावण्याचा दावा करणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

सिटन लगेच मोकळा झाला, कारण तो चार मान्य मोसम पूर्ण केलेला अनुभवी खेळाडू होता. अशांना छाटणीच्या वेळी वेव्हरमधून जावे लागत नाही आणि ते हव्या त्या संघाशी बोलू शकतात. त्याहून कमी अनुभवाच्या खेळाडूवर मात्र बुधवारी दुपारी बारापर्यंत दावे लावले जातात, आणि पहिला हक्क आधीच्या मोसमात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाचा असतो. हा क्रम मोसमाच्या पहिल्या काही आठवड्यांपर्यंत तसाच राहतो. २०२५ च्या छाटणीत टेनेसी या रांगेत पहिले होते आणि विजेते ईगल्स शेवटचे. तेव्हा चांगल्या संघाच्या चाहत्याने तरुण टॅकलच्या यादीवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही; त्याच्यासाठी तीस-बत्तिशीतले अनुभवीच खरे उमेदवार. ही इतकी प्राथमिक गोष्ट असूनही ही सेवा दोन्ही प्रकारच्या खेळाडूंना एकाच ‘उपलब्ध’ या रकान्यात टाकते. त्याहून वाईट म्हणजे जखमी असल्याची नोंद करून सोडलेले खेळाडूही तिथेच येतात. त्यांच्यावर कोणी दावा केला नाही तर ते बहुधा जुन्याच संघाच्या जखमींच्या यादीत परत जातात, त्यामुळे त्यांना उपलब्ध म्हणणे दिशाभूल करणारे आहे. छाटणीच्या दिवशी पान ताजे होण्यास उशीर लागतो, ही तक्रार त्यामानाने किरकोळ म्हणावी लागेल.

प्रॅक्टिस स्क्वॉडकडेही (५३ बाहेर सरावासाठी ठेवलेल्या खेळाडूंकडेही) सेवेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. तिथे सोळा जागा असतात, म्हणजे संघाच्या दृष्टीने खरी रेषा ५३ वर नसून ६९ च्या आसपास असते. बऱ्याच तरुण लाइनमनना संघ सोडतो तोच मुळी त्यांना दुसऱ्या दिवशी परत बोलावण्याच्या बेताने. मधल्या वीसेक तासांत त्यांना कोणी उचलू नये एवढीच त्याची इच्छा असते, आणि ती बहुधा पुरी होते, कारण दावा करणाऱ्याला तो माणूस आपल्या ५३ मध्येच ठेवावा लागतो. खेळाडूच्या बाजूनेही फरक मोठा आहे : २०२५ मध्ये ५३ मधल्या नवख्याचे किमान वेतन वर्षाला ८,४०,००० डॉलर होते, तर प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या तरुणाला आठवड्याला १३,००० डॉलर, म्हणजे अठरा आठवड्यांचे २,३४,०००. म्हणूनच पुढे दुसरा संघ ५३ मधली जागा देऊ लागला की लाइनमन सहसा नाही म्हणत नाही. असा कोण कुठे दडवला जाईल याचा अंदाज ही माझ्या मते खरी विकण्याजोगी माहिती आहे, आणि ती इथे नाही.

ट्रेडचा (संघांतल्या देवाणघेवाणीचा) रकानाही नाही. ज्याला सोडणार असे सर्वांना दिसते आहे त्याच्यासाठी रांगेत मागे असलेला संघ छाटणीची वाट पाहत नाही. ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांतली एखादी निवड देऊन तो आधीच उचलतो. २०१९ च्या ऑगस्टअखेरीस सेंटर डेव्हिड अँड्र्यूज फुप्फुसातील गुठळ्यांमुळे बाहेर गेला, तेव्हा न्यू इंग्लंडने काही दिवसांतच ट्रेड करून लाइनमन जमवले. त्यांतला एक मोसम सुरू होण्याआधीच सोडून दिला गेला. बाल्टिमोरकडून आलेला जर्मेन एल्युम्युनोर मात्र पुढे रेडर्स आणि जायंट्स यांच्याकडे नियमित टॅकल झाला.

एवढे दोष सांगूनही ही सेवा टाकाऊ नाही. बत्तीस संघांचे करार आणि डेप्थ चार्ट स्वतः जमवायला जो वेळ लागतो, तो ती वाचवते, आणि शेरे लिहिणाऱ्यांना निदान सेंटर आणि गार्ड यांतला फरक कळतो. फक्त वर्गणी वर्षाचीच घ्यावी लागते, आणि तिथे माझे मन खट्टू होते. पहिल्या सामन्याच्या वेळी ५३ मध्ये असलेल्या अनुभवी खेळाडूला नंतर सोडले तरी त्या मोसमाचे मूळ वेतन देण्याची पाळी संघावर येऊ शकते, म्हणून कित्येक संघ तिशी ओलांडलेल्या टॅकलला पहिला आठवडा संपल्यावरच करारबद्ध करतात. नेमक्या त्या आठवड्यात ही सेवा आपली यादी बंद करून फँटसी संघांच्या सल्ल्याकडे वळते, आणि घरी बसून फोनची वाट पाहणारे अनुभवी लाइनमन कोण, हे पुन्हा ग्राहकालाच शोधत बसावे लागते.