नामानाची गोष्ट पुढे वाचा

माझी थोरली आत्या नगरची. मिशनच्या शाळेत शिक्षिका होती, आता पेन्शनवर आहे. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. रविवारची उपासना, स्त्री मंडळ आणि संडे स्कूल यांतच तिचा जन्म गेला. बायबलची वचनं तर इतकी पाठ की पाळकसाहेब अडखळले तर ही मागच्या बाकावरून पुढचा शब्द सांगायची. तिला शास्त्राच्या नावाखाली कोणी लुबाडेल असं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. लुबाडणाऱ्याने हात घातला तो तिच्या नम्रपणाला. तिला विचारूनच हे लिहिते आहे.

2020 मध्ये लॉकडाउन लागला, चर्चची दारं बंद झाली आणि प्रार्थना फोनवर आली. कुणीतरी आत्याला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. चालवणारा एक ‘ब्रदर’. गोड मराठी, हळवा आवाज, आत्याला ‘आई’ म्हणायचा. ग्रुपवर दिवसभर प्रार्थना-विनंत्या यायच्या. कुणाच्या सुनेला मूल नाही, कुणाची जमिनीची केस, कुणाचे गुडघे. शुक्रवारी रात्री ऑनलाइन उपवास-प्रार्थना. त्यात हा डोळे मिटून म्हणायचा, “प्रभू मला एक विधवा बहीण दाखवतोय. साखरेचा आजार आहे, मुलगा दूरदेशी आहे.” आत्या रडायची. पण हे सगळं तिनेच आदल्या दोन-चार दिवसांत ग्रुपवर लिहिलेलं असायचं, नाहीतर ‘काय विनंती आहे, आई?’ म्हणून फोन करणाऱ्या त्यांच्या एका ताईला सांगितलेलं असायचं. पूर्वीच्या भविष्यवाल्याला निदान गिऱ्हाइकाकडून गोष्टी काढून घेण्याची कला लागायची. इथे लोक आपणहून टाइप करून देतात.

पैसे सुरुवातीला मागितलेच नाहीत. मग ‘बीज’ सुरू झालं, म्हणजे आशीर्वादाचं पीक येईल म्हणून आधी पेरायचं दान. स्तोत्र 91 वर संदेश झाला की 910 रुपयांचं बीज, मलाखी 3:10 वर झाला की 3,100 चं. मग अभिषेकाच्या तेलाची बाटली आली, मग प्रार्थनेचा रुमाल. शेवटी सारफथच्या विधवेची गोष्ट आली. तिने पिठाच्या शेवटच्या मुठीतून आधी एलीया संदेष्ट्याला भाकर दिली आणि मग तिच्या घरातलं पीठ सरलं नाही. त्या आठवड्यात आत्याच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. पैसे जायचे ते कुठल्या ट्रस्टच्या नावाने नाही. क्यूआर कोड एका माणसाच्या खासगी खात्याचा होता.

आतेभावाने फोनवरून बजावलं म्हणून आत्याने एकदा पावती मागितली. उत्तरादाखल तिला आवाजी संदेश आला. मिर्यामेने आपल्या भावाविरुद्ध, मोशेविरुद्ध तोंड उघडलं तर तिला कोड उठलं, मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाला जमिनीने गिळलं, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ असं लिहिलं आहे. आणि मग नामान. अरामचा मोठा सेनापती, पण कोड बरं होण्यासाठी गर्व सोडून यार्देन नदीत सात वेळा बुड्या माराव्या लागल्या. “आई, तुमच्यातली मास्तरीण अजून मेलेली नाही.” आत्याने त्या माणसाची क्षमा मागितली. पुढे शुगरने जे झालं त्यापेक्षाही मला या वाक्याचा राग आहे.

‘अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन स्तोत्र 105 मध्ये काढून पाहा. अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या मुलखात फिरत असताना तिथल्या राजांना दिलेली ती ताकीद आहे. दानाची पावती मागणाऱ्या म्हाताऱ्या बाईशी तिचा काडीचाही संबंध नाही.

गोळ्या बंद करा असं तो स्पष्ट कधीच म्हणाला नाही. तेवढा हुशार होता. म्हणायचा, “बरी झाले अशी साक्ष द्यायची आणि गोळीही घ्यायची, म्हणजे दोन डगरींवर पाय.” आत्याने साक्ष दिली आणि गोळ्या सोडल्या. पायाला झालेली साधी जखम चिघळली आणि अखेर एक बोट काढावं लागलं. दवाखान्यातून तिने फोन केला तेव्हा तिकडून एवढंच आलं: “विश्वासात कुठेतरी कमी पडलात, आई.” म्हणजे बरं वाटलं तर अभिषेक त्याचा, बिघडलं तर अविश्वास तुमचा. असा हिशेब कधी चुकणारच नाही. प्रेषित पौलाचा सोबती त्रफिम आजारी होता आणि पौलाने त्याला मिलेत शहरात मागे ठेवलं, हे 2 तीमथ्य 4:20 मध्ये आहे. त्याच्या विश्वासाबद्दल पौलाने तिथे एक शब्दही काढलेला नाही.

पाळकसाहेब दवाखान्यात भेटायला आले. ब्रदरबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी 2 राजे 5 वा अध्याय उघडला आणि आत्यालाच मोठ्याने वाचायला लावला, शेवटच्या वचनापर्यंत. नामान 14 व्या वचनात बरा होतो. ग्रुपवरचा संदेश दर वेळी तिथेच संपायचा. पुढे नामान त्याला बुड्या मारायला सांगणाऱ्या अलीशा संदेष्ट्याला भेट देऊ करतो. त्याने बरोबर दहा किक्कार चांदी आणि सहा हजार शेकेल सोनं आणलेलं असतं (किक्कार, शेकेल ही तेव्हाची वजनं). अलीशा त्यातलं काहीही घेत नाही, आग्रह केला तरी नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र मागून धावत जातो, धन्याच्या नावावर खोटं बोलून दोन किक्कार चांदी आणि दोन पोशाख घेऊन येतो. नामानाचं कोड गेहजीला लागतं. आत्याने हा धडा संडे स्कूलमध्ये कित्येकदा शिकवला होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “गेहजीला मी विसरलेच कशी?” मग विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे जवळची दोनच नाणी दानात टाकणाऱ्या गरीब बाईची गोष्ट तिने स्वतःच काढली. त्या गोष्टीच्या अगदी आधी, मार्क 12:40 मध्ये, विधवांची घरं गिळणाऱ्या आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना येशूने झापलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की नम्रता ऐकणाऱ्यानेच दाखवायची आणि शिकवणाऱ्याला मात्र सूट, असं शास्त्रात कुठेही नाही. बिरुया गावचे लोक प्रत्यक्ष पौलाचं बोलणं शास्त्राशी रोज ताडून पाहत होते आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये त्यांची स्तुतीच आहे. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र चुकला तेव्हा पौलाने तोंडावर सांगितलं. अपुल्लोस एवढा मोठा वक्ता, पण तंबू शिवणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्लाने त्याला घरी नेऊन नीट समजावलं आणि त्याने ते ऐकून घेतलं. तेव्हा कुठल्याही ब्रदर-सिस्टरबद्दल आधी हे विचारा: याला ‘तुझं चुकलं’ म्हणणारं कोणी आहे का? पाळकांचा वर्ग, कमिटी, चर्चचे वडील म्हणजे ज्येष्ठ, कोणीही? आमच्या साध्या चर्चमध्येसुद्धा दान दोघे जण मिळून मोजतात, वहीत लिहितात आणि वार्षिक सभेत हिशेब वाचतात. कंटाळवाणी सभा असते, मान्य.

पैसे परत आले नाहीत. आत्या पोलिसांत जायला तयार नव्हती. करिंथकरांस पहिल्या पत्रात बंधूविरुद्ध न्यायालयात जाऊ नये असं आहे, म्हणाली. मला ते पटलं नाही, पण निर्णय तिचा. तुम्हाला जायचं असेल तर वाट आहे. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी 1930 हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथे फोन लवकर करावा लागतो. ट्रस्ट असल्याचा दावा असेल तर नोंदणी क्रमांक मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खातरजमा करा. शिवाय महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो भगत-मांत्रिकांपुरता आहे असं आपल्या लोकांना वाटतं. पण चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे, मग करणाऱ्याच्या हातात लिंबू असो की बायबल.

आणि पावती मागण्याआधी ग्रुपमधले संदेश, क्यूआर कोड आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आत्याने दुसऱ्यांदा पावती मागितली त्याच संध्याकाळी तिला ग्रुपमधून काढलं, आणि ब्रदरचे आवाजी संदेश ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ झाले.