कंदील डाव्या हातात होता

आमच्या गेममधली मुलगी कंदील उजव्या हातात धरते. तिचं प्रत्येक अ‍ॅनिमेशन मी स्वतः केलंय, त्यामुळे हे मी झोपेतसुद्धा सांगेन. कव्हरवर कंदील डाव्या हातात आला तेव्हाच ते खटकलं होतं. चित्रकाराला लिहिलं, "हात बदलून देता का? नाहीतर अख्खं चित्रच आडवं उलटा, तरी चालेल." त्यावर भलंमोठं उत्तर आलं. बघणाऱ्याची नजर डावीकडून उजवीकडे जाते, उलटलं तर कॉम्पोझिशनचा जीव जाईल, माझ्यावर विश्वास ठेवा. ठेवला. चित्र उलटायला दोन सेकंद लागतात. एवढं लांबलचक उत्तर लिहिण्यापेक्षा त्याने ते उलटून का दाखवलं नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

गेम आम्हा दोघांचा. मित्र कोड लिहितो, चित्रं माझी. मग कव्हर बाहेरून कशाला, असं कुणीही विचारेल. पिक्सेल आर्ट, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं, जमतं म्हणून कव्हर जमतंच असं नाही. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, माणसाला आधी गेम दिसत नाही, दिसते ती कॅप्सूल, म्हणजे नाव आणि चित्र असलेला तो छोटा चौकोन. शेकडो चौकोनांच्या रांगेत त्यावर बोट थांबलं तर पुढचं सगळं. माझे स्वतःचे चार प्रयत्न त्या रांगेत ठेवून पाहिले आणि निमूटपणे डिलीट केले.

हा माणूस एका फ्रीलान्स साइटवर सापडला. नमुने असे की तोंडात बोट जावं. ड्रॅगन, जहाजं, पाऊस, सगळं झगझगीत. त्यातल्या तीन-चार कॅप्सूलवर पुरस्कारांची सोनेरी पानं होती, एकावर 'दहापैकी नऊ' असा समीक्षेचा आकडा होता, आणि खाली लिहिलं होतं, 'स्टीमसाठी केलेलं काम, २०२३'. आता स्वतःचीच कीव येते. स्टीमने १ सप्टेंबर २०२२ पासून कॅप्सूलवर पुरस्कार, समीक्षेचे गुण, सवलतीचा मजकूर असलं काहीही टाकायला मनाई केली आहे. चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक असेल तर ते, बस्स. हा नियम मी कॅप्सूलच्या मापांबरोबर त्याच पानावर वाचला होता. पण समोर चकाकतं दिसलं की वाचलेलं आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "साइटचं कमिशन कशाला भरायचं, थेट बोलू." हेही आम्हाला सोयीचंच वाटलं. साइटवर राहिलो असतो तर काम पसंत पडेपर्यंत पैसे मधे साइटकडेच अडकून राहिले असते, त्याला मिळाले नसते. अर्धे पैसे आगाऊ दिले, तेही पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली' म्हणून, कारण 'तसे पाठवले की फी लागत नाही'. फी वाचेलही, पण त्या मार्गाने गेलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण लागू होत नाही. पहिला अर्धा भागच त्याने सांगितला होता.

तीन दिवसांत चित्र आलं. रफ नाही, स्केच नाही, एकदम तयार. दीपगृह, खवळलेला समुद्र, कंदील धरलेली मुलगी. मी मित्राला फोन लावून आनंदाने ओरडलो. एवढ्या झपाट्याने, आधी एकही कच्ची रेघ न दाखवता कुणी कव्हर रंगवत नाही, हे चित्रं काढणाऱ्या मला कळायला हवं होतं. कव्हर करणारा माणूस आधी नखाएवढे आठ-दहा रफ टाकतो, काळ्या-पांढऱ्यात. आकृती कुठे, उजेड कुठे, नाव कुठे, हे तिथेच ठरतं. रंग शेवटी येतात.

उरलेले अर्धे पैसे गेल्यावर मापं मागितली, आणि खरी गंमत सुरू झाली.

स्टीमला एकच चित्र अनेक आकारांत लागतं. हेडर ९२०×४३०, लायब्ररीतलं उभं कव्हर ६००×९००, वरची रुंद पट्टी ३८४०×१२४०, आणि त्या पट्टीवर अक्षर चालत नाही, गेमचं नाव पारदर्शक लोगो म्हणून वेगळं द्यायचं. आडव्याचं उभं करायचं तर मुलगी, दीपगृह, लाटा, नाव हे वेगवेगळ्या लेअरवर (सुट्या थरांवर) असावे लागतात, म्हणजे सरकवता येतात. त्याने उभं कव्हर पाठवलं त्यात मुलगी खालून-वरून ओढल्यासारखी लांबुडकी झाली होती. रुंद पट्टीत नाव नुसतं पुसलं होतं, समुद्रावर त्या जागी धुरकट डाग. उभ्या चित्रात वर वाढवलेल्या आभाळात एका जहाजाची डोलकाठी होती, ती मध्येच ढगात विरघळत होती. झूम करून पाहिलं, दोरखंड कशालाच बांधलेले नव्हते.

सोर्स फाईल मागितली तर म्हणाला, तिचे वेगळे पैसे. तेही दिले. (हसा.) पीएसडी, म्हणजे लेअर सुटे ठेवणारी फोटोशॉपची फाईल, उघडली. आत एकच लेअर, कुलूप लागलेला, नाव 'बॅकग्राउंड'. जेपीजी नुसती पीएसडी म्हणून सेव्ह केलेली.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण स्टीमवर गेमचं पान चढवायची तारीख आम्हीच जाहीर करून बसलो होतो. उभं कव्हर मीच ठिगळं लावून बनवलं. स्टीमच्या फॉर्ममध्ये जानेवारी २०२४ पासून एआय वापरलंय का हे सांगावं लागतं. त्याला विचारलं, "काही एआयने केलंय का?" "छे, सगळं हाताने." त्याच्या शब्दावर मी 'नाही' अशी खूण केली. ती खूण माझ्या नावावर आहे, त्याच्या नाही. चित्राचे हक्क आमच्याकडे आहेत हे वचनही आम्हीच दिलेलं.

पान वर गेलं. विशलिस्ट, म्हणजे 'हा गेम हवा' अशी खूण करणाऱ्यांची संख्या, अगदीच कूर्मगतीने वाढत होती. शोधयादीत पाहिलं तेव्हा कारण दिसलं. छोटी कॅप्सूल आपण ४६२×१७४ ची देतो, पण यादीत ती १२०×४५ एवढी आकसते. त्या आकारात आमची मुलगी म्हणजे एक पिवळसर ठिपका होता आणि नाव म्हणजे मुंग्यांची रांग. मोठ्या पडद्यावर ज्या बारीक कलाकुसरीने भुललो होतो तिचा चिखल झाला होता.

मग ते पत्र आलं. एका चित्रकर्तीचं, चार ओळींचं, आवाज न चढवता लिहिलेलं. 'तुमच्या कव्हरवरची मुलगी माझी आहे. मी ती गेमसाठी काढलेली नाही आणि कुणाला विकलेलीही नाही.' सोबत तिच्या फाईलचा स्क्रीनशॉट होता. तीसहून जास्त लेअर, पेन्सिलचे रफ, आणि कंदील उजव्या हातात.

मी आमचं कव्हर उघडलं, आडवं उलटलं, तिच्या चित्रावर अर्धपारदर्शक करून ठेवलं. ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जुळलं. त्याने फक्त मागे दीपगृह डकवलं होतं आणि आभाळाचा रंग बदलला होता. कोटाची बटणंसुद्धा उलट बाजूला गेली होती, तेही मला दिसलं नव्हतं. आता त्या पाऊण हात लांब उत्तराचा अर्थ लागला. उलटून दिलं असतं तर मूळ चित्र आमच्या हातात आलं असतं आणि इमेज सर्चमध्ये ते चटकन सापडलं असतं. त्याच संध्याकाळी त्याचे सगळे नमुने एकेक करून शोधात टाकले. पाच वेगवेगळ्या माणसांची कामं निघाली. हे काम पैसे द्यायच्या आधी अर्ध्या तासात झालं असतं. काखेत कळसा.

कव्हर तासाभरात उतरवलं, चित्रकर्तीला सगळं खरं कळवलं. नावाचा फॉन्टही तपासला. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असा निघाला, म्हणजे तोही गेला. तिने भरपाई मागितली नाही. मागितली असती तर द्यावी लागली असती, कारण वापरलं आम्ही होतं, 'आम्हाला माहीत नव्हतं' याने ते बदलत नाही. पैसे परत मागितले तेव्हा पेपालने अपेक्षित तेच उत्तर दिलं, 'नाही'. तो माणूस तोवर हातावर तुरी देऊन पसार झाला होता.

नवीन कव्हर दुसऱ्या चित्रकाराने केलं. आधी मीच त्याला छळलं. रफ दाखवा, अर्धवट लेअरवाली फाईल दाखवा, उभं आणि आडवं दोन्ही रफमध्येच मांडा, हक्क कशाचे आणि किती ते लिहून द्या, फॉन्टचा परवाना जोडा. वाईट वाटेल अशी भीती होती. तो म्हणाला, "हे सगळे का विचारत नाहीत?" त्याच्या नऊ रफपैकी सातवा आम्ही १२०×४५ करून, रांगेत ठेवून निवडला. मुलगी पाठमोरी, जवळजवळ नुसती सावली, आणि पूर्ण चित्रात एकच उजेड. सुंदर म्हणावा असा तो नव्हता, पण दिसत होता.

परवा मित्राने एक लिंक पाठवली. नवं नाव, नवा फोटो, तीच भाषा, 'कमिशन वाचवू, थेट बोलू'. नमुन्यांत पहिलंच चित्र आमच्या गेमचं जुनं कव्हर, नावासकट. फक्त आडवं उलटलेलं, त्यामुळे आमच्या गेमचं नाव उलट्या अक्षरांत दिसत होतं, आणि कंदील उजव्या हातात.