फ्रेंच शब्द शिकायचे: पुलावर की बेकरीत?

पॅरिसचा ‘पाँ नफ’ म्हणजे नवा पूल. १६०७ साली पूर्ण झालेला हा पूल आज शहरातला सर्वांत जुना उभा पूल आहे, म्हणून ‘नफ’ म्हणजे नवा हे डोक्यात पक्कं बसतं. पण वास्तूंच्या नावांतून बहुतेक नामं-विशेषणंच हाती लागतात.

माझा कौल बेकरीला. तिथे व्याकरणही मिळतं. ‘पँ ओ शोकोला’ म्हणजे चॉकलेट घातलेला पाव, ‘तार्त ओ पॉम’ म्हणजे सफरचंदांचा टार्ट. दोन्हीकडे उच्चार ‘ओ’च, पण सफरचंदं अनेक, म्हणून पाटीवर दुसऱ्या ‘ओ’च्या शेवटी एक्स दिसतो. आणि ‘पँ’ तर आपल्या पावाचा भाऊबंदच! आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला. दोघांचं मूळ लॅटिन ‘पानिस’.