आडनावाची फ्रेम: चौकटीला पाचपैकी पाच, मजकुराला दोन

लेकीचं लग्न ठरलं आणि व्याही निघाले यॉर्कशायरचे. विहीणबाईंचा प्रश्न येवल्यात सुटला, पैठणी घेतली. व्याह्यांना आहेर काय करायचा यावर मात्र घरात बरीच खलबतं झाली. चांदीचं भांडं ते कपाटात ठेवून विसरणार, फेटा लग्नापुरता. शेवटी भाचीने सुचवलं, आडनावाची फ्रेम दे. आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडच्या बाजूला एक गिफ्टचं दुकान आहे. तिथे आडनाव सांगितलं की त्याचा उगम, अर्थ, त्या आडनावाची नामवंत माणसं असा मजकूर छापून, वर एक राजचिन्ह टाकून चौकटीत बसवून देतात. दुकानाचं नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि दुकानातला मुलगा बिचारा कामसू आहे.

आधी चांगलं सांगते. चौकट खरोखर सागाची आहे, वरून सागाचा कागद चिकटवलेली नाही. कोपरे नीट जुळलेले, मागे जाड बोर्ड, टांगायला दोन्ही बाजूंना कड्या. फ्रेम विमानाने जाणार म्हटल्यावर त्याने आपणहून काचेऐवजी ॲक्रेलिक सुचवलं, नाहीतर मला ते सुचलंही नसतं. छपाई जाड, किंचित पिवळसर कागदावर, अक्षर सुबक. तिथल्या जाधव, पवार, कुलकर्णी अशा तयार फ्रेमाही दिसायला झकास होत्या.

आता मजकूर. व्याह्यांचं आडनाव वेनराइट. मी काउंटरवर तोंडी सांगितलं, त्याने ऐकलं ‘वाइन’. नाशिककरच तो. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर नमुना आला, तर चारही कोपऱ्यांत द्राक्षांचे घड आणि खाली वाक्य, ‘हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या मद्यनिर्मितीत अग्रेसर.’ आमचे हे म्हणाले, राहू दे, नाशिकची आठवण. मी म्हटलं, व्याह्यांना काय सांगायचं, तुमचे वाडवडील दारू गाळायचे?

दुकानात जाऊन बसले आणि त्याला समजावलं. ‘वेन’ म्हणजे जुन्या इंग्रजीत शेतमाल वाहायची मोठी, जड गाडी, आणि ‘राइट’ म्हणजे ती घडवणारा कारागीर. म्हणजे गाड्या बनवणारा सुतार, एवढं साधं. याच ‘राइट’चे भाऊबंद पुष्कळ आहेत. कार्टराइट हाही गाडीवाला, व्हीलराइट चाकं करणारा, आर्कराइट पेट्या आणि संदुका करणारा. सूतकताईच्या यंत्राचं पेटंट 1769 साली घेणारा रिचर्ड आर्कराइट आपण शाळेत शिकलो, त्याचं आडनाव मुळात पेटीवाल्या सुताराचं. इंग्लंडात आडनावं बापाकडून मुलाकडे कायमची चालू झाली ती 1066च्या नॉर्मन स्वारीनंतर, हळूहळू, बहुतेकांची चौदाव्या शतकापर्यंत. तोवर गावातला गाडीवाला हा फक्त गाडीवाला असायचा. पुढे नातू शेती करायला लागला तरी नाव गाडीवाल्याचंच राहिलं. मुलगा ऐकून म्हणाला, ‘काकू, म्हणजे आमच्यासारखंच की.’ त्याचं आडनाव लोहार आणि धंदा फ्रेमचा.

द्राक्षं गेली. मग अडलं ते राजचिन्हावर. ढाल, वर शिरस्त्राण, दोन सिंह. म्हटलं हे कुठून आणलंस? तर इंटरनेटवरून, ‘सगळ्यांना आवडतं.’ आवडत असेल, पण इंग्लंडात असं चिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं. ते कोणाला द्यायचं हे पाहणारं कार्यालय लंडनमध्ये 1484 पासून आहे आणि ते स्वतःच सांगतं की आडनावाचं म्हणून काही चिन्ह नसतं. ज्या पूर्वजाला मिळालं त्याच्या थेट वंशजांनाच ते वापरता येतं. म्हणजे कुणा एका देशमुखाला मिळालेला मानाचा शिक्का राज्यातल्या सगळ्या देशमुखांनी दारावर लावावा, असा हा प्रकार. सिंह काढायला लावले आणि त्या जागी बैल नसलेल्या चार चाकी गाडीचं साधं रेखाचित्र घातलं. ते त्याने फार सुंदर काढलं, हे कबूल करायला हवं.

‘जगातील सर्वांत लोकप्रिय आडनावांपैकी एक’ ही ओळ प्रत्येक फ्रेमवर असते, अगदी शेजारच्या पवारांच्याही. वेनराइटच्या बाबतीत ती खोटी आहे. इंग्लंडात पहिला नंबर स्मिथचा, आणि नुसतं राइटही बऱ्यापैकी वर आहे. वेनराइट मात्र मुख्यत्वे उत्तरेकडचं, यॉर्कशायर आणि लँकेशायरमधलं. तसंच लिहायला सांगितलं. आपल्या भागाचं नाव वाचून माणूस जास्त खूश होतो.

नामवंतांच्या यादीत त्याने दोन नावं टाकली होती, आल्फ्रेड आणि रुफस. आल्फ्रेड हे 1907 साली लँकेशायरातल्या ब्लॅकबर्नला जन्मलेले, लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर पायी पालथे घालणारे गृहस्थ. त्यांनी वर्णन केलेल्या 214 डोंगरांना तिकडचे लोक आज ‘वेनराइट’ म्हणूनच ओळखतात. रुफस गायक. दोघेही बरोबर, राहू दिले. पण तिसरं नाव नव्हतं, आणि ते नाशिकच्या दुकानातून सुटावं याचं मला खरंच वाईट वाटलं.

जेकब वेनराइट. जन्माने आफ्रिकेतल्या याओ जमातीचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, ब्रिटिश जहाजाने सोडवला, आणि आला कुठे, तर आपल्या शरणपूरला. शरणपूर रोडवरून आपण रोज गाड्या दामटतो, पण 1850च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या त्या वस्तीत सुटका झालेली आफ्रिकी मुलं राहायची, शिकायची, हे किती जणांना ठाऊक आहे? बाप्तिस्म्याबरोबर त्यांना इंग्रजी नावं मिळाली: वेनराइट, वेलिंग्टन, फरार. 1872 साली इथली काही मुलं आफ्रिका पालथी घालणारा मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या मदतीला आफ्रिकेत पाठवली गेली, ‘नाशिक बॉइज’ म्हणून. जेकब त्यातला. 1 मे 1873 रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, तेव्हा प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली. लिहिता-वाचता येत होतं ते नाशिकमुळे. मग सोबत्यांनी तो देह सुमारे 1600 किलोमीटर वाहून किनाऱ्याला नेला. पुढे बोटीने देहासोबत इंग्लंडला गेला तो जेकब. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता.

त्याच्या हाडामांसात यॉर्कशायरचा कण नव्हता. गाडीवाल्याचं आडनाव त्याला दिलं गेलं, आणि त्या नावाचा लंडनमध्ये एवढा मान झालेला नाशिककर बहुधा तो एकटाच. ‘मूळ यॉर्कशायर’ असं छापून मोकळं होणाऱ्या फ्रेमवाल्यांना हे कळणं अवघड आहे. आडनाव एका रक्ताचं असतं असं धरूनच त्यांचा सगळा साचा बनलाय.

मुलाला हे सांगितलं तर तो हातातलं काम ठेवून उभा राहिला. ‘शरणपूर रोडचा?’ दोनदा विचारलं. मग मजकूर माझा मी लिहून दिला आणि त्याने तो शब्दशः छापला, जेकबला सगळ्यांत वर घेऊन. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. उलट म्हणाला, हा मजकूर साठवून ठेवू का, पुन्हा कोणी वेनराइट आलं तर? मी म्हटलं, ठेव बाबा, नाशिकमध्ये रांग लागणार आहे!

किंमत 1,850 रुपये, ॲक्रेलिकचे 200 वेगळे. या लाकडाला आणि छपाईला ती योग्य आहे. तुम्ही गेलात तर नाव तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. मजकूर स्वतःचा न्या, ढाल आणि सिंह नको म्हणून सुरुवातीलाच सांगा, आणि छापण्याआधी नमुना मागा. संध्याकाळी सहानंतर तिकडे गाडी लावायला जागा मिळत नाही, दुपारी जा. तेव्हा मुलगाही निवांत असतो, ऐकून घेतो.