‘टेस्टेड’ बॉयलर आणि त्यावरचा काळा रंग

मॉडेल वाफेच्या इंजिनासाठी तयार बॉयलर विकत घेण्याचा कोणाचा विचार असेल, तर पैसे देण्यापूर्वी त्याने हा अनुभव वाचावा, अशी कळकळीची विनंती आहे.

माझे इंजिन आडवे, १९ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि २५ मिलिमीटर स्ट्रोकचे (दट्ट्याची धाव) आहे. त्याचे सगळे भाग मी घरच्या लेथवर तयार केले. तांब्याच्या बॉयलरचे जोड मात्र चांदीच्या डाखाने लावावे लागतात आणि त्यासाठी सबंध भांडे एकाच वेळी साधारण ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. एवढा मोठा बर्नर माझ्याकडे नसल्यामुळे मी बॉयलर तयार घ्यायचे ठरवले. विक्रेत्याने ‘पूर्ण सिल्व्हर ब्रेझिंग, चालवण्याचा दाब ३ बार, ६ बारला हायड्रोलिक टेस्ट’ असे मेसेजमध्ये लिहून दिले (सिल्व्हर ब्रेझिंग म्हणजे चांदीच्या डाखाने जोडणे, हायड्रोलिक टेस्ट म्हणजे पाणी भरून केलेली दाबाची चाचणी, आणि बार हे दाबाचे एकक), शिक्का मारलेले प्रमाणपत्र पाठवले आणि १४,००० रुपये आगाऊ घेतले.

बॉयलर आला तो नखशिखांत काळ्या रंगात. तांब्याचा बॉयलर सहसा उघडा ठेवतात किंवा त्यावर लाकडी पट्ट्या बसवून पितळी पट्टे आवळतात. इथे जोडांवरच रंगाचा सर्वांत जाड थर होता, आणि तेच मला खटकले. प्रथम मी तो थंड पाण्याने काठोकाठ भरला आणि हातपंपाने ६ बारपर्यंत दाब चढवला. त्यानंतर गेजचा काटा जागचा हलला नाही, कुठे थेंबही पाझरला नाही. तरीही सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुशपाशी (व्हॉल्व्ह बसतो त्या कड्यापाशी) रंग खरवडून पाहिला, तर आत करडा, मऊ धातू निघाला. खिळ्याचे टोक ओढताच त्यावर चकचकीत चरा उमटला. त्याचा थोडा चुरा सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर धरला, तर क्षणात वितळून त्याचा मणी झाला. चांदीचा डाख त्या उष्णतेला दाद देत नाही. हे जोड कथील-शिशाचे, म्हणजे रेडिओदुरुस्तीच्या सोल्डरचे होते.

प्रमाणपत्रातला आकडा खरा होता आणि फसवणुकीचा गाभा तिथेच आहे. थंड पाण्याच्या चाचणीत असा जोड सहज टिकतो. पण ३ बार दाबाच्या वाफेचे तापमान सुमारे १४४ अंश असते आणि नेहमीचे कथील-शिशाचे सोल्डर १८३ अंशांना वितळू लागते. त्याची ताकद तर त्याच्या बरीच आधी ढासळते. उभ्या बॉयलरमध्ये धूरनळ्यांची वरची टोके पाण्याच्या पातळीच्या वर असतात, त्यांच्यातून ज्योतीचा तापलेला वायू जातो आणि तिथला जोड वाफेपेक्षाही अधिक तापतो. तो सुटला की दाबाखालच्या पाण्याचा काही भाग एका क्षणात वाफ होऊन बाहेर पडतो, आणि असे इंजिन चालताना मुले टेबलाला अगदी चिकटून उभी असतात. चांदीचा डाख महाग असतो हे मान्य. पण तो वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या घरात असे भांडे पाठवणे मला अक्षम्य वाटते.

विक्रेत्याला फोटो पाठवल्यावर ‘आजवर कोणाची तक्रार नाही’ एवढेच उत्तर आले. पुढे फोन उचलणेही बंद झाले. प्रमाणपत्रावरचा ‘सरकारमान्य’ हा शिक्काही पोकळ आहे, कारण २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेच्या बॉयलरना आपला बॉयलर कायदा लागूच होत नाही आणि असल्या छोट्या बॉयलरची तपासणी कोणताही सरकारी निरीक्षक करत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी रंग न दिलेल्या जोडांचे जवळून काढलेले फोटो मागावेत, आणि डाखाच्या कांडीत चांदी किती टक्के आहे ते बिलावर लिहून घ्यावे. ५५ टक्के चांदीची कांडी या कामात सर्रास वापरतात. नीट लागलेला चांदीचा डाख फिकट पिवळसर दिसतो आणि त्याची बारीक रेघ जोडाच्या सबंध कडेने अखंड फिरलेली असते. मेसेज, पावती आणि प्रमाणपत्र जपून ठेवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. आयोगाकडे देण्याच्या अर्जासोबत खरवडलेल्या जोडाचे फोटो जोडले आहेत, आणि बॉयलर पुरावा म्हणून तसाच ठेवला आहे.