बी४५० मदरबोर्ड : १४ महिन्यांचा वापर आणि एक बटणसेल

हा बोर्ड मी १४ महिन्यांपूर्वी वापरलेलाच विकत घेतला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि ३२०० वेगाची १६ जीबी रॅम त्यावर विनातक्रार चालत होती, त्यामुळे हा अभिप्राय दोन महिन्यांपूर्वी लिहिला असता तर पाचही तारे दिले असते.

त्यानंतर मात्र रोज सकाळी सेटअपसाठी एफ१ दाबण्याची सूचना येऊ लागली. तारीख काही वर्षे मागे गेलेली असे, आणि संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत ब्राउझर संगणकाच्याच घड्याळावरून तपासत असल्याने बँकेचे संकेतस्थळ उघडत नसे. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद होऊन रॅम गुपचूप २४०० वर उतरली होती, हे तर आठवडाभर माझ्या लक्षातही आले नाही.

दुरुस्तीवाल्याने ‘बायॉस उडाले आहे, चिप नव्याने लिहावी लागेल’ असे सांगून १,२०० रुपये मागितले. बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली, ज्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये असते, तिला आतला मजकूर टिकवायला वीज लागत नाही. शिवाय ते खरोखर उडाले असते, तर पडद्यावर एफ१ ची सूचना आली असती कुठून? संगणक बंद असताना वीज लागते ती घड्याळाला. मल्टिमीटर लावला, तेव्हा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल २.४ दाखवत होता. सेल असा उतरला की बोर्ड जतन केलेल्या सेटिंग्ज बाजूला सारून मूळ सेटिंग्ज लावतो.

सेल मिळाला ४० रुपयांना. पण तो बसवला आहे बरोबर ग्राफिक्स कार्डखाली! दोन स्क्रू काढायचे, कार्डाखालची खिट्टी चिमट्यासारखी बोटे घालून दाबायची, आणि मग कुठे तो सेल दिसणार. बोर्डवर अन्यत्र बोटभर जागा मोकळी असताना आखणी करणाऱ्याला हीच जागा का सुचली, हे मला अजूनही कळलेले नाही. या एका कारणासाठी मी दोन तारे कापले होते.

त्यांपैकी एक परत देत आहे, कारण सेल लवकर संपण्यात माझाही हात होता. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर संगणक बंद असतानाही एसएमपीएसकडून (संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा सुरू राहतो आणि घड्याळाचा भार सेलवर पडत नाही. वीजबिलाच्या धास्तीने मी ते बटण रोज रात्री न चुकता बंद करत होतो. आता ते चालूच ठेवतो. घरातल्या इतरांनाही तीच सवय असल्याने त्यावर चिकटपट्टी लावली आहे.